शिशातली बाळबोध अक्षरे

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात लग्नसराई लागली की घरोघर पत्रिकांचा ढीग साचतो. तो चाळताना मला हटकून जावजी दादाजींची आठवण होते. लहान वयात मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात खिळे घासणाऱ्या या गृहस्थांनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू या कसबी कारागिराने त्यांच्यासाठी अक्षरांचे ठसे कोरले.

बाळबोध लिपी शिशात उतरवणे ही मोठी पंचाईत! रोमन अक्षरे सुटी उभी राहतात. आमच्या अक्षराच्या डोक्यावर मात्रा, रफार, अनुस्वार, पायाशी उकार, शिवाय जोडाक्षरे, आणि या साऱ्या गोतावळ्याला एका शिरोरेघेत बांधायचे. म्हणून खिळे जुळवणाऱ्यापुढे शेकडो घरांचा पसारा असे. दोन ओळींत शिशाची पट्टी सारून तो उकार-वेलांट्यांना ऐसपैस जागा देई.

आता संगणक आला, खिळे गेले; लिपी मात्र तीच आहे. हल्लीच्या पत्रिकांत ओळी इतक्या दाटतात की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर बसतो. मथळा भारदस्त दिसावा म्हणून अक्षरे फाकवली, की शिरोरेघ तुटलीच! वर्गातली लहान मुले असे शब्द अडखळत, एकेक अक्षर सुटे करून वाचतात, हे मी रोज पाहतो.

तेव्हा पत्रिका करणाऱ्या तरुण मित्रांनो, मथळा मोठा हवा तर अक्षर मोठे घ्या, फाकवू नका. जागा अपुरी पडली तर मामा-काकांची चार नावे गाळा (रुसवेफुगवे होतील, होवोत!), ओळींमधली जागा तेवढी कापू नका.