संकरित मक्याचा जमाखर्च

१८८७ साली अमेरिकेच्या काँग्रेसने हॅच कायदा मंजूर करून राज्याराज्यांतील कृषिप्रयोगकेंद्रांना मध्यवर्ती खजिन्यातून वार्षिक अनुदानाची तरतूद केली. परंतु त्या खर्चाचे नक्की किती फळ रयतेच्या पदरी पडते, हे मोजण्याची खात्रीची रीत त्यानंतरही दीर्घकाळ कोणापाशी नव्हती. ती सिद्ध केली झ्वी ग्रिलिकेस यांनी. लिथुएनियात जन्मलेले, कोवळ्या वयात नाझींच्या छळछावणीतून वाचलेले हे अर्थशास्त्रज्ञ शिकागो विद्यापीठात थिओडोर शुल्ट्झ यांच्या सान्निध्यात घडले होते.

हिशेबासाठी त्यांनी संकरित मका निवडला. शुद्ध वाणांच्या संकराचे सामर्थ्य जॉर्ज शल यांनी १९०८ च्या सुमारास दाखविले होते, पण त्या वाणांची कणसे खुरटी असल्याने बियाणे फार महाग पडे. कनेक्टिकटच्या केंद्रावर डोनल्ड जोन्स यांनी चार वाणांचा दुहेरी संकर साधला, तेव्हा कोठे ते सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात आले, आणि १९३० नंतरच्या दशकात आयोवाने ते झपाट्याने स्वीकारले.

१९५८ च्या आपल्या निबंधात ग्रिलिकेस यांनी प्रश्नच उलटा मांडला: हा मका नाहीसा झाला, तर समाजाचे किती नुकसान होईल? प्रयोगकेंद्रांकडून पत्राने खर्चाचे आकडे मागवून, खाजगी बियाणे-कंपन्यांचा संशोधनखर्चही त्यात मिळवून, उत्पन्नातील वाढ केवळ १५ टक्के धरून, दरवर्षी विकत घ्याव्या लागणाऱ्या बियाण्याचा जादा खर्च वजा करून आणि गुंतून पडलेल्या रकमेवर व्याजही आकारून त्यांनी निष्कर्ष काढला, की १९५५ च्या सुमारास सरासरी प्रत्येक डॉलरवर वर्षाला निदान ७०० टक्के लाभ होत होता. खर्च व लाभ आपापल्या वर्षी मांडून पाहिले, तर हाच परतावा ३५ ते ४० टक्के भरतो. गाजला तो पहिला आकडा. माझ्या मते विचार व्हावयास हवा तो दुसऱ्याचा, कारण फळ येईपर्यंतच्या प्रतीक्षेची किंमत त्यात खरोखर उतरली आहे.

कोरड्या निघालेल्या विहिरी सोडून यशस्वी ठरलेल्या तेलविहिरीचाच नफा मोजावा, तसा हा हिशेब असल्याचे ग्रिलिकेस यांनी स्वतःच बजावले होते. त्या प्रामाणिकपणाचे मोल मला त्यांच्या गणितापेक्षा अधिक वाटते.

त्याच निबंधात त्यांनी संकरित ज्वारीचाही विचार केला होता, आणि आपल्या देशात १९६४ साली सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी प्रसारित झाली. म्हणजे तसा हिशेब आपल्याकडेही मांडता येण्याजोगा आहे; आपल्या कृषी विद्यापीठांच्या संशोधनाचा ताळेबंद जे कोणी मांडतील, त्यांनी फसलेले प्रयोग आणि निष्फळ गेलेली वर्षेही खर्चाच्या बाजूस अवश्य लिहावीत.