शिक्षांची बेरीज : पेडणे-डिचोलीतले दोन कायदे

एकाच खटल्यात एका माणसावर दोन-तीन गुन्हे शाबीत झाले, तर त्याने शिक्षा एकदमच भोगायच्या की एक संपल्यावर दुसरी? गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली महालांनी या प्रश्नाची दोन उत्तरे पाहिली, एक पोर्तुगीज आणि एक भारतीय.

डिचोली पोर्तुगिजांच्या हाती १७८१ मध्ये पडली. पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून त्यांना मिळाले. या नव्या काबिजादीत वारसा, विवाह यांबाबत स्थानिक रूढी बऱ्याच राखल्या गेल्या. फौजदारी गुन्ह्यांना मात्र पुढे लिस्बनची दंडसंहिता लागली. पोर्तुगालने १८६७ मध्ये मुलकी गुन्ह्यांसाठी फाशी रद्द केली आणि १८७० मध्ये ती सवलत सागरपार प्रांतांनाही दिली. १८८४ मध्ये जन्मठेपही गेली. त्यामुळे १८८६ च्या संहितेत सर्वांत कडक शिक्षा उरली ती दोन तुकड्यांची : ८ वर्षे एकांत कोठडी आणि ती संपताच २० वर्षे हद्दपारी. म्हणजे एकापाठोपाठ शिक्षा होती, पण ती एकाच शिक्षेच्या पोटात. गुन्हे अनेक असले, तर प्रत्येकाची शिक्षा वेगळी मोजून बेरीज करायची पद्धत नव्हती. सर्वांत मोठ्या गुन्ह्याची शिक्षा धरायची आणि बाकीच्या गुन्ह्यांपायी ती वाढवायची. हद्दपारीची ठिकाणे दूरची होती, मोझांबिक किंवा तिमोर. डिचोलीला लागूनच असलेल्या सत्तरीत १८९५ साली राणे घराण्याने बंड केले, आणि दादा राणे यांना तिमोरला धाडण्यात आले.

पेडण्याच्या उत्तरेला तेरेखोल नदी. तिच्यापलीकडे सावंतवाडी संस्थान आणि पुढे ब्रिटिश मुलूख, जिथे फाशीही होती आणि जन्मठेपही. शिक्षांच्या बेरजेचे मराठी वाचकाला ठाऊक असलेले सर्वांत ठसठशीत उदाहरण त्याच मुलखातले आहे. विनायक दामोदर सावरकरांना १९१० च्या डिसेंबरात आणि १९११ च्या जानेवारीत अशा दोन जन्मठेपा झाल्या. एकेक २५ वर्षांची, दुसरी पहिली संपल्यावर, एकूण ५०. कायद्याने असे आकडे जोडले, की माणसाचे आयुष्य अपुरे पडते.

पोर्तुगीज संहितेचा हा सौम्यपणा राजकीय कैद्यांना फारसा जाणवला नाही. त्यांचे खटले लष्करी न्यायाधिकरणापुढे चालत. टी. बी. कुन्हा यांना १९४६ मध्ये ८ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधल्या पेनिशे किल्ल्यात ठेवले. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात नानासाहेब गोरे यांना १० वर्षे झाली, मधू लिमये यांना १२. दोघेही १९५७ मध्ये सुटले. मोहन रानडे हे मराठी शिक्षक. त्यांना २६ वर्षे ठोठावली गेली. गोवा मुक्त झाल्यानंतरही ते लिस्बनजवळच्या काशियस किल्ल्यात होते आणि १९६९ मध्ये बाहेर आले. राज्यच गेले, तरी शिक्षेचा हिशेब चालूच राहिला.

१९ डिसेंबर १९६१ च्या मुक्तीनंतर लिस्बनची संहिता लगेच मिटली नाही. १९६२ च्या विनियमाने भारतीय कायदे गोव्याला लागू करण्याची वाट केली. त्यातून १८६० चे भारतीय दंडविधान आणि १८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आली. सुमारे नव्वद वर्षे कायद्यात नसलेली फाशी परतली. ही गोष्ट मुक्तीच्या इतिहासात सहसा सांगितली जात नाही. बेरजेचा नियमही बदलला. १८९८ च्या संहितेचे कलम ३५ आणि पुढे १ एप्रिल १९७४ पासूनचे कलम ३१ यांचा अर्थ एकच होता : न्यायालय काही बोलले नाही, तर शिक्षा एकामागून एक. त्या एकदम भोगायच्या असतील, तर तसे निकालपत्रात लिहावे लागे. लिहायचे राहिले, तर कैदी जास्त दिवस आत राही.

डिचोली किंवा पेडण्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढचा साधा खटला घ्यावा. रात्री घर फोडून चोरी. घरफोडीला ३ वर्षे, चोरीला २. या नियमाखाली ‘एकत्र’ असा शेरा असला, तर माणूस ३ वर्षांनी बाहेर येई. नसला, तर ५ वर्षांनी. या दंडाधिकाऱ्याला एका गुन्ह्यासाठी ३ वर्षांपर्यंतच कैद देता येते आणि एका खटल्यातली बेरीज त्याच्या अधिकाराच्या दुपटीवर, म्हणजे ६ वर्षांवर जात नाही. कलमात १४ वर्षांची एकूण मर्यादाही होती. दंड न भरल्याची कैद मात्र शिक्षा एकत्र भोगण्याच्या सवलतीत बसत नाही; ती मूळ शिक्षेच्या वर चढते. गरीब कैद्याला सर्वाधिक जाचतो तो हाच लहानसा आकडा.

जन्मठेपांचे काय, याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१६ मध्ये मुथुरामलिंगम खटल्यात दिला. माणसाला आयुष्य एकच, म्हणून दोन जन्मठेपा एकापाठोपाठ भोगायला लावता येत नाहीत. ठराविक मुदतीची कैद आधी भोगायला लावून मग जन्मठेप सुरू करता येते. सावरकरांच्या वेळचे गणित आता चालत नाही.

फौजदारी कायदा घटनेच्या समवर्ती सूचीत आहे, तरी गोव्याच्या विधानसभेने शिक्षांच्या क्रमाबद्दल वेगळा कायदा केलेला नाही. २००३ च्या गोवा बाल अधिनियमाने मुलांवरील अत्याचारांसाठी स्वतंत्र न्यायालय आणि शिक्षा आणल्या. बेरीज मात्र केंद्रीय संहितेप्रमाणेच होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५ ने १४ वर्षांची मर्यादा २० वर नेली. गुन्ह्यांचे गांभीर्य पाहून शिक्षा एकत्र की एकामागून एक, हे न्यायालयाने आता स्वतःच सांगायचे आहे.