इंदूरचा ड्राफ्ट्समन आणि आत्याची तुळस

मंडळी, मी सरकारी कारकून. आठवडाभर फायली आणि रविवारी कॅमेरा. या छंदावरून ऑफिसात माझी थट्टा होते, होवो बापडी! पण हा छंद मी मनावर का घेतला, त्याला एक कारण आहे.

आमचं गावचं जुनं घर पाडायचं ठरलं तेव्हा 'तू फोटो काढून ठेव' असं सगळ्यांनी मला सांगितलं. मी नवा डिजिटल कॅमेरा घेऊन गेलो आणि तासाभरात साठ-सत्तर फोटो काढले. घर गेलं. नंतर आत्या फोटो बघायला बसली. सगळे बघून झाल्यावर म्हणाली, "बाबा, तुळस खंय रे?"

तुळस कुठेच नव्हती! प्रत्येक फोटोत दरवाजा बरोब्बर मधोमध आणि भिंत चेपून भरलेली. राजांगण नाही, वृंदावन नाही, माणूस तर एकही नाही. साठ फोटोंत घर कुठेच सापडेना.

त्यानंतर मी जुने फोटो नीट बघायला लागलो आणि लाला दीनदयाळ भेटले. तेही आमच्यासारखेच सरकारी नोकर! जन्म 1844 चा, मीरतजवळच्या सरधन्याचा. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकले आणि 1866 साली इंदूरला पीडब्ल्यूडीच्या कचेरीत हेड एस्टिमेटर व ड्राफ्ट्समन म्हणून लागले. नकाशे काढायचे, खर्चाचे अंदाज बांधायचे. 1874 साली, ऐन तिशीत, त्यांनी हौस म्हणून कॅमेरा हाती घेतला. दुसरे तुकोजीराव होळकर आणि मध्य भारताचे एजंट सर हेन्री डेली यांनी त्यांना पाठबळ दिलं. 1882 साली सर लेपल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी बुंदेलखंडाचा दौरा केला. ग्वाल्हेर, खजुराहो इथल्या वास्तूंचे फोटो काढले. त्यांच्या फोटोंसह ग्रिफिन यांचं मध्य भारतातल्या वास्तूंवरचं पुस्तक 1886 साली निघालं. पुढे नोकरी सुटली, हैदराबादला सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले आणि 'राजा' ही पदवी मिळाली. 1905 साली ते गेले.

तो काळ काचेच्या प्लेटांचा. जड लाकडी कॅमेरा, तिपाई आणि काचांच्या पेट्या बैलगाडीतून न्यायच्या. डोक्यावर काळं कापड घेऊन घासलेल्या काचेवर बघायचं, तर देऊळ उलटं दिसणार, कळस खाली आणि पाया वर! एका फोटोला एक काच. त्यामुळे आधी फिरून जागा ठरवायची आणि मगच झाकण काढायचं. माझ्या साठ फोटोंत नेमकं हेच राहून गेलं होतं.

त्यांचे वास्तूंचे फोटो बघताना दोन गोष्टी मला पुन्हा पुन्हा दिसल्या. एक म्हणजे इमारत बऱ्याचदा कोपऱ्यातून घेतलेली असते. दोन बाजू दिसतात आणि तिची खोली कळते. मला वाटतं, ही ड्राफ्ट्समनची नजर. दुसरी गोष्ट, पायरीवर किंवा खांबापाशी कुणीतरी बसलेलं असतं. त्या माणसावरून खांब केवढा ते समजतं.

फोटोचे तीन आडवे, तीन उभे भाग करून मुख्य वस्तू रेघेवर ठेवावी, हा नियम आज मोबाईलच्या पडद्यावरही आखलेला असतो. गंमत म्हणजे तो कॅमेऱ्याहून जुना आहे. लंडनच्या जॉन थॉमस स्मिथ या चित्रकाराने 1797 साली निसर्गचित्रांविषयी लिहिताना त्याला नाव दिलं. फोटोग्राफी जगापुढे आली ती 1839 मध्ये! म्हणजे हा मुळात बघण्याचा नियम, यंत्राचा नव्हे.

आता माझा रविवारचा रियाज असा. एक जागा निवडायची, मग ती मांडवीचा काठ असो की एखादी तळी. पहिली पंधरा मिनिटं कॅमेरा पिशवीतच. चहूबाजूंनी फिरून बघायचं. मग फक्त पाच फोटो. क्षितिज मधोमध न ठेवता एकदा वरच्या रेघेवर, एकदा खालच्या. एक फोटो कोपऱ्यातून, एक गुडघ्यावर बसून, म्हणजे पुढची जमीनही येते. पाचव्यात माणूस हवाच. पाचांतले चार अजूनही फसतात, पण का फसले ते आता कळतं.

आत्याला तिची तुळस मी दाखवू शकलो नाही, ती रुखरुख कायमची. तुमच्या गावी जुनं घर उभं असेल तर पावसाळ्यापूर्वी एकदा जाऊन या. चार पावलं मागे सरका, कोपऱ्यात उभे राहा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वृंदावनापाशी बसवायला विसरू नका.