सातबारा खरा कशामुळे होतो?

गेल्या आठवड्यात खडकवासल्याच्या घरी बसून 15 रुपये भरले आणि मोबाइलवर सातबारा डाउनलोड केला. आजोबांनी चष्मा लावून बघितला आणि विचारलं, "यावर तलाठ्याची सही कुठंय? हा खरा का?"

सही डिजिटल आहे, कायद्याने चालते, असं मी सांगितलं. पण सही खरी म्हणून आतली माहिती खरी असते का? आपल्या पुणे जिल्ह्यात हा प्रश्न जवळपास 200 वर्षं जुना आहे.

पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी इथली जमीन मोजायला घेतली. 1820 च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल या अधिकाऱ्याने फॉर्म्युला आणला : उत्पन्नातून खर्च वजा करा, उरेल त्यावर सारा लावा. ऐकायला छान! पण खालून आलेले आकडेच सदोष होते. सारा झेपेना, शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. मग 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून पुन्हा मोजणी सुरू केली. शेतं मोजली, मातीची प्रतवारी केली आणि 30 वर्षांसाठी दर ठरवले. आजचे सर्व्हे नंबर याच पद्धतीतून आले.

आता आपल्या काळात या. मँचेस्टरचे अभ्यासक रिचर्ड हीक्स यांनी 2003 मध्ये अंदाज मांडला होता की विकसनशील देशांतले ई-गव्हर्नन्सचे 35 टक्के प्रकल्प पूर्ण फसतात, 50 टक्के अर्धवट राहतात, जेमतेम 15 टक्के यशस्वी होतात. कारण? डिझाइन आणि प्रत्यक्ष परिस्थिती यांच्यातली दरी.

सातबाऱ्यातही ती होतीच. हस्तलिखित नोंदी टाइप करताना नावं, क्षेत्र, हिस्से चुकले. मी सॉफ्टवेअरवाला, मला वाटलं असतं की एखादी स्क्रिप्ट चालवू. पण जमीन कोणाची, हे स्क्रिप्टला कसं कळणार? ते गावाला माहीत असतं. म्हणून 2017 मध्ये चावडी वाचन झालं. गावात सातबारे मोठ्याने वाचायचे, चूक असेल त्याने तिथेच हरकत घ्यायची, मग तलाठ्याने दुरुस्ती करायची. त्यानंतर 1 मे 2018 रोजी डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला.

आजोबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे गावाने ऐकलाय. मग ठीक."

मंडळी, तुमचा सातबारा आज उघडून नीट वाचा. चूक दिसली, तर अर्ज करा. भेटू पुढच्या भागात!