चिलापीचे गोत

सोलापूरच्या मासळीबाजारात चिलापी या नावाने विकला जाणारा मासा, आणि त्याच शहरातील एखाद्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीतून ऐटीने फिरणारा एंजल मासा, हे दोघे एकाच कुळातले होत. प्राणिशास्त्रज्ञ या कुळास सिक्लिड म्हणतात. एकास टोपलीत जागा मिळाली, दुसऱ्यास विजेच्या दिव्याखाली. परंतु दोघांचा कुळाचार एकच, आणि तो म्हणजे अपत्यसंगोपन. बहुतेक मासे अंडी पाण्यात सोडून मोकळे होतात. सिक्लिड तसे करीत नाहीत.

माशांचे कौतुक या प्रदेशास नवे नाही. सोलापूरचा मुलूख ज्यांच्या सत्तेखाली होता, त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी भूलोकमल्ल सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचिला. त्यात ‘मत्स्यविनोद’ या नावाचे एक प्रकरणच आहे. खवल्यांचे मासे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कोणास कसला चारा घालावा, हे राजाने मोठ्या हौसेने सांगितले आहे. अर्थात त्या विनोदाचा शेवट गळाला होई, ही गोष्ट वेगळी.

काचेची पेटी मात्र अलीकडची. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० साली मासे, पाणवनस्पती व गोगलगाई यांचा मेळ एका पात्रात घालून दाखविला. १८५३ साली तेथील प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले.

एंजल मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातला. त्याची जोडी जमविणे हे नर-मादी ओळखण्याइतकेच अवघड. म्हणून जाणते लोक पाच-सहा पिल्ले एकत्र वाढवितात आणि त्यांची निवड त्यांच्यावरच सोपवितात. जोडी जमली की ती एखादे रुंद पान अथवा उभी ठेवलेली पाटी तोंडाने घासून स्वच्छ करते. मादी ओळीने अंडी चिकटविते, नर मागून येऊन ती फलित करतो. पुढे दोघेही आळीपाळीने परांनी वारा घालावा तसे पाणी हालवीत राहतात. बुरशी धरलेले पांढरे अंडे वेचून काढतात. साधारण अडीच दिवसांत अंडी फुटतात, आणि आणखी पाच-सहा दिवसांनी पिल्ले पोहू लागतात. पेटीपुढे कोणी वारंवार डोकावले तर आईबाप घाबरून सारी अंडी स्वतःच खाऊन टाकतात. यास्तव व्यापारी पाटी उचलून निराळ्या भांड्यात ठेवितो. पिल्ले अधिक वाचतात हे खरे. परंतु जे पाहण्यासाठी हे कूळ पाळावयाचे, तेच त्यामुळे नाहीसे होते.

सोलापुरात आणखी एक अडचण पाण्याची. विहिरीचे वा बोअरचे पाणी तापविले असता भांड्यास पांढरा थर धरतो, इतके ते जड. एंजलला मऊ पाणी मानवते. आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या सिक्लिडांना मात्र जड पाणीच रुचते. त्यांच्या माद्या अंडी तोंडात धरून उबवितात. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर गेला की पाण्यातील प्राणवायू घटतो, आणि हवेचा पंप बंद ठेवून चालत नाही.

या कुळाची भारतीय शाखाही आहे, याची पुष्कळांस कल्पना नसते. कोकण-गोव्याच्या खाड्यांतील काळुंदर हा सिक्लिडच. बर्लिनच्या ब्लॉख याने १७९० साली त्यास सुरतेवरून शास्त्रीय नाव दिले. त्याच्याच जवळचा नारिंगी क्रोमाइड हा चिमुकला मासा दक्षिण भारतात व श्रीलंकेत आढळतो. त्याची पिल्ले आईबापांच्या अंगावरील चिकट स्राव टिपून खातात. वॉर्ड आणि बार्लो या संशोधकांनी १९६७ साली त्याविषयी लिहिले. घरच्या पेटीत, सपाट दगडावर, हा मासा सुखाने वितो. परदेशी माशांच्या झगमगाटात त्याची उपेक्षा झाली, ही खेदाची गोष्ट होय.

आता चिलापीविषयी. ही आफ्रिकेच्या मोझांबिककडील तिलापिया. १८५२ साली पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले, आणि बरोबर शंभर वर्षांनी, १९५२ साली, स्वस्त अन्न म्हणून ती भारतात आणली गेली. हेतू चांगला होता. परंतु नर तळाशी खड्डा उकरतो, मादी अंडी-पिल्ले तोंडात सांभाळते, संकट दिसताच पिल्ले पुन्हा आईच्या मुखात शिरतात. अशा माशाशी बेवारशी अंडी घालणाऱ्यांनी स्पर्धा कशी करावी? शिवाय ती दोन-तीन महिन्यांतच वयात येते. १९५९ साली तिचा प्रसार थांबविण्याचे ठरले. तोवर ती जलाशयांत पोहोचली होती. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले, आणि त्या यशवंतसागरात चिलापीचा भरणा होत गेला. भीमेचे मूळचे मासे मागे पडले. सारा दोष तिच्यावर घालणे न्यायाचे नाही. पुण्याकडून येणाऱ्या मैल्याचा वाटाही त्यात मोठा आहे, आणि घाण पाण्यात तग धरण्यात चिलापी इतरांहून चिवट.

हौशी माणसाच्या पेटीत एका वेळी शे-दोनशे पिल्ले होतात, आणि जागा तर दहा-वीसांची असते. उरलेली पिल्ले दुकानदारास द्यावीत, अन्य हौशी घरांत वाटावीत, अथवा जोडीच विलग ठेवावी. सिद्धरामेश्वरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तलावात, कंबर तलावात किंवा हिप्परग्याच्या पाण्यात ती सोडू नयेत.