दापुरीचा अनामिक चितारी

दिवाळीच्या सुटीत रंगपेटी हाती आली की मुले प्रथम झाड काढतात. खोड तपकिरी, पाने हिरवी, की काम आटोपले! त्यात मुलांचा दोष नाही. दारच्या आंब्याची कोवळी पालवी तांबूस असते, हे आपणां थोरांना तरी कुणी सांगितल्यावाचून कुठे आठवते? झाड नुसते पाहणे निराळे आणि ते रंगविण्यासाठी पाहणे निराळे.

हा भेद ज्याला पुरता उमगला होता, असा एक चितारी पावणेदोनशे वर्षांपूर्वी पुण्याच्या वेशीवर काम करीत होता. आज लोणावळ्याच्या लोकलमधून जाताना दापोडी हे स्टेशन लागते. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव दापुरी. तेथे मुळेच्या काठी पेशव्यांच्या चाकरीतील कॅप्टन फोर्ड याचा बंगला होता. पेशवाई बुडाल्यावर, १८२८ साली, गव्हर्नर सर जॉन माल्कम याने तो सरकारसाठी घेतला आणि त्याच्या आवारात वनस्पतींची बाग उभी राहिली. पुढे तिची व्यवस्था अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरकडे आली. औषधी वनस्पतींचा त्याला मोठा नाद. बागेतील देशी-परदेशी झाडांची चित्रे काढण्यासाठी त्याने एक चित्रकार नेमला. १८४७ ते १८५० या काळात त्या चित्रकाराने सुमारे एकशेसत्तर चित्रे जलरंगांत उतरविली.

चित्रेच का, असे कोणी विचारील. वनस्पतिशास्त्रज्ञ झाडाची डहाळी कागदांत दाबून वाळवितात व जपून ठेवतात. तिचा आकार राहतो, पण रंग उडतो आणि पाकळीचा डौल जातो. छायाचित्रण तेव्हा बाल्यावस्थेत होते आणि त्यात रंग नव्हते. म्हणून जे वाळवून टिकत नाही, ते कुंचल्यानेच टिकवायचे. काम सोपे नव्हे. तोडलेले फूल चित्रकारासाठी थांबत नाही. ते कोमेजण्याच्या आत रेषा आणि रंग साधावे लागतात. शिवाय जलरंगांत चूक झाकणे कठीण. हात लावण्यापूर्वी डोळ्यांनी पाहून घ्यावे लागते.

ज्या १८४७ साली ही चित्रे सुरू झाली, त्याच साली गिब्सन मुंबई इलाख्याचा जंगलरक्षक झाला. सागवान जहाजांसाठी बेसुमार तुटत होते. डोंगर उघडे पडले तर झरे आटतील आणि कोकणच्या खाड्या गाळाने भरतील, असा त्याचा इशारा होता. सरकारला इमारती लाकडाचा लोभ होताच, हे विसरून चालणार नाही. तरीही एकाच माणसाच्या देखरेखीखाली एकीकडे पानाची शीर न् शीर रंगविली जात होती आणि दुसरीकडे अख्ख्या रानाची चिंता वाहिली जात होती, ही गोष्ट मनात ठेवण्याजोगी आहे.

पुढे १८६५ च्या सुमारास दापुरीची जागा सरकारने विकली, बाग गेली. चित्रे मात्र एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये सुखरूप आहेत. हेन्री नॉल्टी या अभ्यासकाने २००२ साली त्यांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा दापुरीचे नाव पुन्हा लोकांपुढे आले. गिब्सनचे नाव राहिले, झाडांची लॅटिन नावे राहिली. ज्याने ती झाडे डोळ्यांत साठवून कागदावर उतरविली, त्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. तो पोर्तुगीज-हिंदी वंशाचा होता, एवढीच त्याची ओळख!

वाचकहो, यंदा तोरणातला एक झेंडू बाजूला काढा आणि मुलांसमवेत रंगवायला बसा. त्या एका केशरीत किती केशरी आहेत, ते मोजा. चित्र साधले नाही तरी बिघडत नाही. फूल तर पाहून होईल. आणि उठण्यापूर्वी कागदाच्या कोपऱ्यात मुलाचे नाव आणि तारीख घालायला विसरू नका.