आंबिलीतला आंबटपणा कुणाचा?

मे महिन्यात परभणीचा पारा ४२ अंशांच्या पुढे सरकला की ज्वारीच्या गार आंबिलीची आठवण होते. पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवायचं, सकाळी लसूण, जिरं, मीठ घातलेल्या आधणात ओतून गुठळी होऊ न देता ढवळायचं, आणि पार निवल्यावर वरून ताक, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, हवी तर किसलेली कैरी. उतरवताना ती पाण्यासारखी पातळ दिसली पाहिजे. निवताना ज्वारी घट्ट धरते, आणि चुलीवर बेताची वाटलेली आंबील दुपारी चमच्याने खावी लागते. स्पेनच्या आंदालुसियातले शेतमजूर उन्हात पाव, लसूण, शिरका आणि पाण्याचं गास्पाचो प्यायचे. टोमॅटो त्यात फार नंतर आला. आंबिलीतल्या ताकाचंही तसंच झालं असावं. तिचं नाव पडलं तेव्हा तिच्यात ताक नव्हतं, आंबटपणा धान्याचाच होता, असं माझं म्हणणं आहे.

याचा धागा सापडतो जैनांच्या उपासात. श्वेतांबर जैन चैत्रात आणि आश्विनात नवपदाची ओळी करतात. नऊ दिवस ‘आयंबिल’ असतं: दिवसातून एकदाच, तेही दूध, दही, तूप, तेल, गूळ वर्ज्य करून शिजवलेलं धान्य खायचं. आयंबिल म्हणजे संस्कृतातलं आचाम्ल. त्याची फोड ‘आचाम’ म्हणजे भाताची पेज आणि ‘अम्ल’ म्हणजे आंबट अशी करतात. ज्या व्रतात दह्याला थारा नाही त्याच्या नावात आंबट आलं कुठून? आंबलेल्या पेजेतून, दुसरीकडून येण्याची सोय नाही. अमरकोशात कांजीच्या पर्यायांमध्ये ‘धान्याम्ल’ हा शब्द आहे, धान्यापासून झालेलं आंबट. अम्लाचं प्राकृतात ‘अंबिल’ होतं. ताम्राचं तांबं आणि आम्राचा आंबा होताना ‘म’च्या मागे जो ‘ब’ उगवतो, तोच इथेही आहे. मराठीतली आंबील या अंबिलाची थेट लेक. यावर हरकत अशी येईल की आजच्या आयंबिलात आंबटही चालत नाही. खरं आहे, पण व्रताचे नियम पिढ्यांगणिक कडक होत जातात आणि नाव जुन्या ताटाची खूण सांभाळून बसतं. जिंतूरजवळ नेमगिरीला जैनांचं मोठं क्षेत्र आहे म्हणून ही व्युत्पत्ती तिथे चिकटवण्याचा मोह होईल. पण ते क्षेत्र दिगंबरांचं, आणि माझा पुरावा श्वेतांबरांच्या ओळीचा. तो दुवा मी जोडत नाही.

खरा प्रतिस्पर्धी आहे कानडी ‘अंबली’. तेलुगूतही ती आहे, आणि तिकडे नाचणीची ताजी, न आंबवलेली पेजही अंबलीच म्हणवते. मग शब्द दक्षिणेचा आणि आंबटाशी नातं नंतर जुळवलेलं, असं का म्हणू नये? पालीतही ‘अंबिल’ म्हणजे आंबट. मराठी आकाराला येण्याच्या कितीतरी आधी हा शब्द याच अर्थाने रुळलेला होता, तेव्हा तो उसना घ्यायला मराठीला कानडीच्या दारात जावं लागलं नसतं. उलट चवीचं नाव पदार्थाला पडलं आणि परक्या भाषेत गेल्यावर चव गळून नुसती पेज उरली, हा प्रवास मला जास्त पटतो.

कानडीचं एक देणं मात्र मान्य केलंच पाहिजे. लातूर-धाराशिवकडची, परभणीच्या दक्षिण टोकालाही ओळखीची येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावास्या. शेतात कडब्याच्या कोपीपुढे भज्जी आणि आंबील हाच तिचा नैवेद्य. ‘येळ’ म्हणजे कानडीत सात, म्हणून ही सातवी अमावास्या, असं सर्रास सांगतात. चैत्रापासून मोजली तर ती नववी येते. सातवी करायची तर पेरणीच्या ज्येष्ठापासून मोजावं लागतं. कानडीत ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ, आणि तिकडे याच दिवसाला एळ्ळ अमावास्या म्हणतात. बोटं मोजण्यापेक्षा तीळ सरळ. दिवसाचं नाव कानडी म्हणून त्या दिवशीच्या पेयाचंही कानडी ठरत नाही, एवढंच.

ताक कुठून आलं, याचं उत्तरही मला याच अमावास्येत दिसतं. मे महिन्यात ज्वारीचं पीठ नुसत्या पाण्यात भिजवलं तरी धान्यावरचेच जिवाणू कामाला लागतात. सकाळी भांड्याच्या कडेने बुडबुडे धरलेले असतात आणि झाकण काढताच आंबूस वास येतो. मार्गशीर्षाच्या थंडीत ते पीठ सकाळीही तसंच गुळमट राहतं. येळवशीला आंबील तर हवीच, म्हणून कुणीतरी त्यात ताकाचं विरजण घातलं. पुढे हिवाळ्याची ती सोय उन्हाळ्यातही चालू राहिली, आणि पाण्यात आपोआप आंबणारी आंबील मागे पडली.